लेथवरून सीएनसीवर: कुपवाडच्या एका शेडमधले आठ टर्नर

शेड, मालक, ग्राहक कंपनी आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. तात्या हे नावही खरं नाही.

## पार्श्वभूमी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातली जॉबवर्कची शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, दहा-पंधरा मशिनं आणि दारात उभ्या मोटारसायकली. कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून येतं, मशिनिंग इथं होतं, माल पुण्याकडे जातो. जिल्ह्याला हे काम नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तेव्हापासून या भागात लेथवर हात बसलेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या.

या शेडमध्ये १९ माणसं होती. सात लेथ, एक रेडियल ड्रिल, एक मिलिंग आणि दोन सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारे लेथ. पंपाचे शाफ्ट स्लीव्ह, वेअरिंग रिंग, ग्लँड, बेअरिंग हाउसिंग असं काम. टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, आठ, वय ३८ ते ५४. तिघे आयटीआयचे, पण त्यांच्या वेळी वर्कशॉपमध्ये सीएनसी नव्हतं. बाकीचे पाच हेल्पर म्हणून लागले आणि उस्तादाच्या शेजारी उभं राहून हँडल धरायला शिकले. सगळ्यांचा हिशेब नगावर.

दोन्ही सीएनसी मालकाचा धाकटा भाऊ सांभाळायचा. प्रोग्राम तो लिहायचा, सेटिंग तो करायचा, ऑफसेट, म्हणजे माप नेमकं आणण्यासाठी टूलच्या जागेत दिलेली बारीक दुरुस्ती, तीही तोच बदलायचा. हाताखालच्या दोन पोरांचं काम म्हणजे जॉब (कापायचा भाग) चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, लावणं, दार ओढणं, हिरवं बटण दाबणं, हवेनं चिप उडवणं आणि वहीत रेघ मारणं. ऑफसेट बदलायची किल्ली या भावाच्या, म्हणजे सेटरच्या, खिशात असायची. तो बँकेत गेला की मशिन थांबायचं. याला सगळे ‘सीएनसी चालवणं’ म्हणत होते. पुढचा सगळा गोंधळ या एका समजुतीतून झाला.

## अडचण

जानेवारीत पुणे भागातल्या ग्राहक कंपनीचं पत्र आलं. दोन प्रकारचे नवे भाग मिळणार होते. एक, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट स्लीव्ह: बोअर (आतलं भोक) ४५ एच ७ आणि बोअरच्या तुलनेत बाहेरच्या व्यासाचा रनआउट (फिरताना दिसणारी डुगडुग) जास्तीत जास्त ०.०२ मिलिमीटर. दुसरा, पातळ भिंतीची वेअरिंग रिंग. अटी तीन: ऑक्टोबरपर्यंत उत्पादन दुप्पट, प्रत्येक लॉटची मापं त्यांच्या पोर्टलवर, आणि बोअरचा सीपीके १.३३ किंवा त्याहून जास्त.

पहिली अट पैशाची होती. बँकेनं आणखी दोन सीएनसीला कर्ज दिलं. दुसरीला एक लॅपटॉप पुरला. शेड अडकली ती तिसरीवर, आणि हे का घडलं ते नीट बघायला हवं.

४५ एच ७ म्हणजे बोअर ४५.००० ते ४५.०२५ च्या आत. एकूण वाव २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सीपीके नुसता पास-नापास बघत नाही. मापांची सरासरी जवळच्या मर्यादेपासून किती लांब आहे आणि नगानगांत फरक किती आहे, हे तो एकत्र बघतो. सरासरी बरोबर मध्यावर असेल, तर १.३३ साठी प्रमाण विचलन, म्हणजे नगानगांतला साधारण फरक, तीन मायक्रॉनच्या आसपास लागतं.

आता चांगल्या टर्नरची सवय बघा. तो बोअर नेहमी लहान बाजूला ठेवतो. लहान राहिला तर पुन्हा कट मारता येतो, मोठा झाला तर जॉब भंगारात. म्हणून तो ४५.००६ वर थांबतो आणि हात असा बसलेला असतो की फरक जेमतेम दोन मायक्रॉनचा. एकही नग रिजेक्ट नाही. तरी सीपीके येतो १.०. उलट कोणी ४५.०१२ वर तीन मायक्रॉनच्या फरकानं काम केलं, म्हणजे थोडं ढिसाळ केलं, तरी त्याचा १.३३ येतो. वर्षानुवर्षं ज्या सवयीला शाबासकी मिळाली तीच इथं नापास होत होती. शेडमधल्या जुन्या माणसांना हा आकडा अपमानासारखा वाटला. त्यात त्यांची चूक नव्हती, कारण कुणी तो फोड करून सांगितलाच नव्हता.

फेब्रुवारीत बाहेरून दोन अनुभवी ऑपरेटर आणले. एक पाचव्या आठवड्यात चाकणला गेला, दीडपट पगारावर. दुसरा राहिला, पण त्याच्या पाळीत एप्रिलमध्ये जे घडलं त्यावरून सगळा विचार बदलला.

### एप्रिलची दुपार

स्लीव्हचा पहिला नमुना-लॉट ३६ नगांचा होता. दुपारी अडीचची वेळ, पत्रा तापलेला, कूलंटची टाकी कोमट. ऑपरेटर जॉब काढत होता, लगेच बोअर गेज घालत होता. गेज ४५.००७ दाखवत होतं. पास.

शेजारच्या लेथवरच्या तात्यांनी, म्हणजे शेडमधल्या सगळ्यात जुन्या टर्नरनं, एक नग सहज हातात घेतला.

“जॉब चटका देतोय हाताला. निवू दे की जरा, मग माप घे.”

“तात्या, गेज बघा की. सात दाखवतंय.”

“दाखवंल. गेजला काय, ते थंडच हाय.”

ऑपरेटरनं काम चालू ठेवलं. ३६ पैकी २२ नग परत आले: बोअर लहान, शाफ्ट आत जात नाही.

कारण साधं. स्टेनलेसचा हा प्रकार दर अंशाला मीटरमागे साधारण १६ मायक्रॉन फुगतो. जॉब आणि गेज लावायची सेटिंग रिंग यांच्यात १५ अंशांचा फरक असेल, तर ४५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये जवळपास ११ मायक्रॉनचा फसवा आकडा येतो. गरम असताना ४५.००७ दिसलेला बोअर निवल्यावर ४४.९९६ होतो. रिंग इन्स्पेक्शनच्या टेबलावर कूलरच्या वाऱ्यात पडलेली होती, जॉब मशिनमधून नुकताच बाहेर आलेला. नग पुन्हा चकमध्ये लावून बोअर वाढवता आला असता, पण पुन्हा पकडल्यावर बाहेरच्या व्यासाशी ०.०२ चा रनआउट राखता येत नव्हता. २२ नग भंगारात गेले.

सीएनसी येणाऱ्या माणसाला माप घेता येत होतं, पण मापाची शंका घेता येत नव्हती. शंका घेता येणाऱ्या माणसाला मशिनपासून लांब ठेवलं होतं.

## समोर असलेले पर्याय

मे महिन्यात मालक, भाऊ, इन्स्पेक्शनला असलेली डिप्लोमाधारक मुलगी आणि तात्या असे चौघे बसले. तात्यांना बोलावणं हा मालकाचा या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय. इन्स्पेक्शनच्या मुलीला मात्र आधी फक्त आकडे वाचून दाखवायला बोलावलं होतं.

तयार ऑपरेटर आणत राहायचं. सगळ्यात झटपट, पण पुणे आणि कुपवाड यांच्या पगारातली दरी ही शेड भरून काढू शकत नव्हती. शिवाय एप्रिल ताजा होता.

टर्नरना क्लासला पाठवायचं. तीन महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स, बराचसा कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिण्याचा. पण अशा शेडमध्ये प्रोग्राम एकदा लिहिला की वर्षभर चालतो. ऑपरेटरचं रोजचं काम माप घेणं, वेअर ऑफसेट (टूल झिजल्याची दुरुस्ती) देणं, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं, जॉ (चकचे जबडे) लावणं आणि काही बिघडलं तर वेळेत थांबणं हे असतं. कोर्सचा सगळ्यात मोठा भाग सगळ्यात कमी लागणाऱ्या गोष्टीवर जात होता.

सीएनसीचं काम दुसऱ्या शेडला द्यायचं, आपण लेथवर राहायचं. हा पर्याय वाटतो तितका मागास नाही. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. हंगाम संपला की दुरुस्ती निघते: शाफ्ट, बुश, रोलरची कामं. एकेक नग, ड्रॉइंग नाही, तुटका भाग समोर ठेवायचा आणि तसाच दुसरा करून द्यायचा. तिथं लेथ आणि जुना टर्नर हेच लागतं, पैसेही बरे मिळतात. पण ते काम वर्षातले सहा महिने आणि कर्जाचे हप्ते बारा महिने.

शेडमध्येच, चालू जॉबवर शिकवायचं. याला मालकाचा आक्षेप नेहमीचाच: शिकवलं की पळतात. बाँड लिहून घ्यायचा, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची, अशी बोलणी झाली. पुढे शेडच्या हिशेबनीसानं हे मोडून काढलं. सर्टिफिकेट अडकवणं चूक तर आहेच, शिवाय निरर्थक. ४८ वर्षांचा, कवलापुरात घर आणि एक एकर द्राक्षबाग असलेला माणूस चाकणला खोली करून राहायला जात नाही. वय आणि शेती या दोन गोष्टी इतके दिवस टर्नरांच्या कमकुवत बाजू म्हणून मोजल्या जात होत्या. माणूस टिकण्याची हमी त्यांच्यातच होती.

चौथा पर्याय ठरला. दुरुस्तीचं काम बंद करायचं नाही, आणि आठपैकी चौघांना पहिल्या फेरीत घ्यायचं, असंही ठरलं.

## काय केलं

### माणसं निवडणं

सेटरला सगळ्यात तरुण चौघे हवे होते. इन्स्पेक्शनच्या मुलीनं वेगळं सुचवलं. दहा स्लीव्ह, नंबर टाकलेले. आठही टर्नरांनी प्रत्येक नग एकाच बोअर गेजनं दोनदा मोजायचा, दुसऱ्या वेळी नंबर झाकून. स्वतःशीच कोण किती जुळतो ते बघायचं. यात ५२ वर्षांचे तात्या पहिले आले, ३८ वर्षांचा सगळ्यात हुशार समजला जाणारा टर्नर सातवा. तो गेज बोअरमध्ये पुरेसं हलवून सगळ्यात लहान वाचन शोधतच नव्हता, काटा थांबला की वाचत होता.

चाचणी चांगली होती. निकाल सांगायची पद्धत वाईट. यादी टाइम ऑफिसच्या बाहेर लावली गेली. न निवडलेले चौघे दुसऱ्या दिवशी जेवायला वेगळे बसले.

### हिशेब

प्रशिक्षण रोज दोन तास, संध्याकाळी सहा ते आठ, दोन पाळ्यांच्या मधे, एका सीएनसीवर. सहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे ७२ तास. पहिल्या आठवड्यात मालकानं या दोन तासांची फक्त हजेरी धरली. नगावर कमावणाऱ्या माणसाला हा सरळ तोटा. चौथ्या दिवशी दोघे आले नाहीत. कारण विचारल्यावर एकानं ‘डोळ्याला त्रास होतोय’ सांगितलं, दुसऱ्यानं पाहुणे आलेत म्हणून. खरं कारण तात्यांकडून कळलं. मग मागच्या तीन महिन्यांची तासाची सरासरी काढून ती प्रशिक्षणाच्या तासांना लावली. दोघे परत आले. नगावर काम करणाऱ्यांना शिकवताना ही तरतूद पहिल्या दिवसापासून हवी.

### पहिले दोन आठवडे: मशिन बंद

पहिला आठवडा नुसत्या मापाचा. मायक्रोमीटरचं शून्य तपासणं, सेटिंग रिंगवर गेज लावणं, जॉब आणि रिंग एकाच सरफेस प्लेटवर अर्धा तास ठेवून मग मोजणं. वातानुकूलित खोली परवडणारी नव्हती आणि या एका नियमावर निभावलं. पूर्ण नाही, कारण स्टील आणि स्टेनलेस सारखे फुगत नाहीत, पण ११ मायक्रॉनचा घोटाळा तीन-चारवर आला.

याच आठवड्यात सीपीके आकृती काढून सांगितला. घराच्या दारातून बैलगाडी आत घ्यायची आहे. गाडी एका चौकटीला घासून न अडकता गेली म्हणून ती मधून गेली असं नाही. ‘पुन्हा कट मारता येईल’ ही सवय सोडून मध्य पकडायचा, हे पटायला वेळ लागला. तात्यांना शेवटपर्यंत पूर्ण पटलं नाही. त्यांनी ४५.०१० ठरवलं, मध्याच्या अडीच मायक्रॉन खाली, आणि फरक इतका कमी ठेवला की आकडा तरीही आला.

दुसऱ्या आठवड्यात फरशीवर खडूनं एक्स आणि झेड अक्ष काढले. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत. चौघांपैकी दोघांना अक्षरं ओळखू यायची, शब्द वाचता यायचे नाहीत. चाळीस शब्द आणि नेहमी येणारे अलार्म देवनागरीत लिहून, पुढे ‘काय करायचं’ लिहून कार्ड लॅमिनेट करून पडद्याशेजारी लावलं. एका ओळीत ‘सेटरला हाक मारा’ असंही होतं, आणि हाक मारण्यात लाज नाही हे स्पष्ट सांगितलं.

दशांश चिन्हावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. फॅनुकसारख्या अनेक कंट्रोलवर, सेटिंगनुसार, टिंब न देता ५० लिहिलं तर मशिन ते ५० मायक्रॉन समजतं, ५० मिलिमीटर नाही. आणि ०.२ आणि ०.०२ मधल्या शून्याची किंमत एक इन्सर्ट किंवा एक जॉब.

### ऑफसेट

लेथवर बोअर मोठा करायचा तर क्रॉस स्लाइड स्वतःकडे ओढावी लागते. बाहेरचा व्यास मोठा ठेवायचा तरी टूल मागेच घ्यायचं असतं. हाताला ‘आत’ आणि ‘बाहेर’ कळतं, अधिक आणि उणे नाही. सीएनसीवर नियम एकच आहे: व्यास मोठा हवा तर अधिक, लहान हवा तर उणे, बोअर असो वा बाहेरचा. बोअर ४४.९९० आला आणि ४५.०१२ हवा, तर अधिक ०.०२२. पाटीवर हा नियम सोपा दिसतो. पंचवीस वर्षं उलट फिरलेल्या मनगटाला तो सोपा नसतो.

म्हणून सराव मटेरियल शिल्लक असलेल्या बाजूनंच करायचा. बोअर लहान आणि बाहेरचा व्यास मोठा असताना चिन्ह चुकलं तर जॉब मापापासून आणखी लांब जातो, पण शाबूत राहतो.

तिसऱ्या आठवड्यातली चूक चिन्हाची नव्हती. बोअरिंग टूलचा वेअर ०.१४० होता. त्यात ०.०२२ मिळवायचे होते. टर्नरनं ०.०२२ टाइप केलं आणि ‘अधिक इनपुट’ऐवजी ‘इनपुट’ दाबलं. मिळवलं जायच्या ऐवजी जुना आकडा पुसला गेला, वेअर ०.०२२ झाला, आणि पुढचा बोअर ०.११८ नं लहान निघाला. जॉब वाचला. पण हीच चूक बाहेरच्या व्यासाच्या टूलवर, उणे आकडा असताना, कुठल्या बाजूला गेली असती हे चौघांकडून कागदावर सोडवून घेतलं. त्या दिवसापासून वही सुरू झाली: आधीचा आकडा, मापलेलं, किती दिले, नंतरचा आकडा, सही. शेवटचा रकाना पडद्यावरून उतरवायचा, डोक्यातून नाही.

आता किल्लीचा प्रश्न आला. सेटरचं म्हणणं, ऑफसेट मोकळा केला तर कोणीतरी मशिन ठोकणार. भीती खोटी नाही. टरेट (टूल धरणारी फिरती चकती) चकवर आपटला तर दुरुस्ती महागात जाते. पण किल्ली खिशात असेपर्यंत शिकलेलं सगळं फुकट होतं. तोडगा कंट्रोलमध्येच होता. एका वेळी वेअर किती बदलता येईल याची मर्यादा पॅरामीटरमध्ये घालता येते. ती ०.०३ ठेवली. त्याहून जास्त लागत असेल तर काहीतरी वेगळं बिघडलंय, सेटरला बोलवा. बदलानंतरचा पहिला नग सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ थांबत, आणि रॅपिड (मशिनची जलद हालचाल) २५ टक्क्यांवर.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हा होता. कोर्स, कार्ड, वही यापेक्षा जास्त फरक याच्यानं पडला.

### बंद दारामागचा आवाज

चौथ्या आठवड्यात तात्या म्हणाले, “ह्याचं समदं बरं हाय, पण कापताना ऐकू येत नाही.”

लेथवरचा माणूस इन्सर्ट गेलाय हे कानानं ओळखतो. चिपचा रंग बघतो, ती तुटते की दोऱ्यासारखी येते ते बघतो. सीएनसीचं दार बंद, काचेवर कूलंटचा मारा. अर्धं ज्ञान बाहेर राहतं. सेटर हे ‘सवयीनं जाईल’ म्हणाला. जायला नको होतं, कारण तरुण पोरांकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

पडद्यावर स्पिंडल लोडची, म्हणजे कापताना मशिनवर किती जोर पडतोय त्याची, पट्टी आहे, तिकडे कुणी बघत नव्हतं. नवा इन्सर्ट लावून रफिंगला (पहिल्या जाड कटला) किती टक्के दाखवतो आणि जुना झाल्यावर किती, हे तात्यांनी तीन दिवस वहीत लिहिलं. स्लीव्हसाठी ३८ ते ४० वरून ५५ कडे गेला की फिनिश बिघडायला लागते, असं निघालं. ‘५० ला इन्सर्ट फिरवा’ ही ओळ कार्डावर आली. चिप ट्रेमध्ये दर दहा नगांनी नजर टाकायची, हेही आलं. कानातलं ज्ञान आकड्यात उतरलं आणि मग ते पोरांना देता आलं.

### वेअरिंग रिंग

रिंगची भिंत सहा मिलिमीटर. तीन जॉच्या चकमध्ये घट्ट पकडून बोअर केला की मशिनमध्ये तो गोल असतो, जॉ सुटले की रिंग तीन बाजूंनी उमलते. वाईट भाग असा की दोन टोकांचं गेज हे पकडतच नाही. तीन फुगवट्यांच्या आकारात समोरासमोरचं माप सगळीकडे जवळपास सारखंच येतं. तीन बिंदूंचं गेज लागतं. शेडकडे ते नव्हतं, शेजारच्या शेडमधून आणून तपासलं.

लेथवर यावर जुना उपाय आहे: फिनिश कटच्या आधी चक सैल करायचा आणि हलक्या हातानं पुन्हा आवळायचा. हायड्रॉलिक चकवर प्रत्येक नगाला हे करत बसलं तर सायकल टाइम जातो. म्हणून मऊ जॉ करून, ते रिंगच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून, रिंगला जवळजवळ पूर्ण वेढा पडेल असे लावले. चकचा दाब १८ वरून ८ किलोवर आणला, आणि त्या दाबाला कट किती खोल चालेल ते तात्या आणि सेटर यांनी मिळून ठरवलं. मऊ जॉ बोअर करताना चक ज्या दाबाला जॉब पकडणार त्याच दाबाला ठेवायचा. पहिल्यांदा हे विसरलं आणि अर्धा दिवस गेला.

### पोरं

शेड ३० माणसांच्या आतली, त्यामुळे अप्रेंटिस घेणं सक्तीचं नव्हतं. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. घ्यायचेच तर मनुष्यबळाच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १९ वर दोन. आयटीआय टर्नरचे दोन घेतले. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, हा वाटा तेव्हा सरकारकडून येत होता. रक्कम छोटी, पण पोर्टलवरची नोंदणी आणि करार केल्यानं ‘हेल्पर म्हणून राबवायचं’ या सवयीला आळा बसला.

दोघांना एकेका टर्नरबरोबर जोडलं. पडदा पोरानं समजावायचा, जॉब टर्नरनं. पहिल्या पंधरवड्यात पोरं बटणं दाबत होती आणि टर्नर मागे हात बांधून उभे होते. मग नियम केला: ऑफसेटचं बटण फक्त टर्नरनं दाबायचं, चुकलं तरी.

## निष्पत्ती

ऑगस्टपासून चौघांपैकी तीन टर्नर सीएनसीवर स्वतंत्र पाळी चालवू लागले. चौथा शिकून परत लेथवर गेला, स्वतःहून. साखर कारखान्याच्या दुरुस्तीचं काम त्याला जास्त आवडतं आणि त्यात तो कमावतोही जास्त. हे अपयश धरलं नाही, ते बरोबर होतं.

पगाराच्या तीन पायऱ्या ठरल्या: लोडर, ऑफसेट देणारा ऑपरेटर, जॉ आणि टूल लावणारा सेटर. प्रत्येक पायरीची परीक्षा जॉबवरच.

स्लीव्हला मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली, ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा. रिंगला मिळाली नाही. ग्राहकानं तीन बिंदूंच्या गेजचा स्वतंत्र अहवाल मागितला आणि गेज येईपर्यंत ते काम दुसरीकडे गेलं. दोघांपैकी एक अप्रेंटिस मुदत संपल्यावर पुण्याला गेला. दुसरा राहिला.

उशीर मुख्यतः ऑक्टोबरमुळे. द्राक्षाची फळछाटणी त्याच महिन्यात येते. शिकलेले तिघे, त्यातले दोघे बागायतदार, दोघेही एकाच आठवड्यात रजेवर. चार मशिनं, दोन पाळ्या, आणि ऑफसेट देऊ शकणारी माणसं दोन: एक टर्नर, एक सेटर. दुसरी पाळी नऊ दिवस बंद राहिली. छाटणी कधी येते हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाळीचं वेळापत्रक करणाऱ्यानं ते विचारलं नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

आठही टर्नरना मापाचा पहिला आठवडा द्यायला हवा होता. त्याला मशिन लागत नाही, खर्च जवळपास नाही, आणि ऑक्टोबरमध्ये निदान माप घेऊन ऑफसेट सुचवणारी माणसं शेडमध्ये असती. यादी बाहेर लावल्यावर दुखावलेल्या चौघांपैकी एक नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शेडला गेला. चाचणीत सातवा आलेला तोच. त्याची चूक अर्ध्या तासात दुरुस्त होणारी होती. गेज बोअरमध्ये कसं डुलवायचं हे त्याला कुणी दाखवलंच नाही. चाचणी निवडीसाठी वापरली, शिकवण्यासाठी नाही.

तीन बिंदूंचं गेज जानेवारीतच मागवायला हवं होतं. ड्रॉइंगवर पातळ भिंत दिसत होती. कर्जाच्या प्रस्तावात दोन मशिनं होती, मापाच्या साधनांची ओळच नव्हती. हे फार शेडमध्ये दिसतं.

इन्स्पेक्शनचं टेबल मशिनांजवळ आणायला जुलै उजाडला. तोपर्यंत ती मुलगी लॉट पूर्ण झाल्यावर निकाल सांगत होती. टेबल हलल्यावर दर दहाव्या नगाला सांगू लागली. हे एप्रिलमध्ये झालं असतं, तर २२ ऐवजी पाच-सहा नग गेले असते.

वहीत ऑफसेट लिहिले गेले, जॉ नाही. कोणते मऊ जॉ कोणत्या दाबाला आणि किती व्यासाला बोअर केले, याची नोंद अजूनही सेटरच्या डोक्यात आहे. डिसेंबरमध्ये तो चार दिवस आजारी होता, तेव्हा तात्यांनी जॉचा तोच सेट पुन्हा बोअर करून घेतला. तीन तास गेले. आता जॉवर खडूनं नंबर टाकलेत. खडू कूलंटनं पुसतो. नंबर पंच करायचे राहिलेत.